परकी मदत, मोठी धरणे आणि नवस्वतंत्र देश: जाब कोणाला विचारायचा?

(तळटीप, कालवाकाठ, मृगजळ आणि वाटसरू ही टोपणनावे घेतलेल्या चौघांतील चर्चा.)

तळटीप:
नवस्वतंत्र देशांतील पाणीप्रकल्पांविषयी बोलताना आपण धरणाची उंची, सिंचनक्षेत्र आणि मेगावॉट मोजतो. करारातील कलमे मात्र क्वचितच वाचतो. परकीय प्रभाव दडलेला असतो तो या कलमांत, आणि धरण बांधून झाल्यावरही तो कित्येक दशके टिकतो, असे माझे मत आहे.

घानातील व्होल्टा नदीवरचे अकोसोंबो धरण पाहा. देशातलेच बॉक्साइट (अॅल्युमिनियमचे खनिज), देशातलीच वीज आणि देशातलाच कारखाना यांतून अॅल्युमिनियम तयार व्हावे, हे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे स्वप्न होते. जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांनी कर्ज दिले. परंतु कर्ज फिटण्यासाठी विजेला खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते, म्हणून कैसर या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा असलेला व्हाल्को हा अॅल्युमिनियमचा कारखाना आला आणि त्याला दीर्घ मुदतीसाठी अत्यल्प दराने वीज देण्याचे ठरले. कारखान्याने अॅल्युमिना, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेला कच्चा माल, परदेशातून आणला. घानाचे बॉक्साइट जमिनीतच राहिले. सुमारे ८०,००० माणसे उठली आणि सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला. जानेवारी १९६६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, पुढच्याच महिन्यात एन्क्रुमांची सत्ता उलथली, पण करार जागचा हलला नाही. दराच्या बाबतीत घानाच्या पदरात काही भरीव पडायला १९८५ साल उजाडावे लागले. ज्या प्रकल्पाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आधी ठरते आणि मग त्याच्याभोवती धरण बांधले जाते, त्याला त्या देशाचे आधुनिकीकरण म्हणावे काय?

कालवाकाठ:
आपण निवडलेले उदाहरण आपल्या मुद्द्याला फारच सोयीचे आहे. आता इजिप्तमधील नाईल नदीवरचे आस्वान धरण घ्या. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी मिळून पहिल्या टप्प्यासाठी ७ कोटी डॉलर आणि जागतिक बँकेने २० कोटी डॉलर देऊ केले. १९ जुलै १९५६ रोजी अमेरिकेने हात आखडता घेतला आणि २६ जुलै रोजी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. पुढे १९५८ मध्ये सोव्हिएत कर्ज मिळाले, १९६० मध्ये काम सुरू झाले आणि १९७० मध्ये पुरे झाले. दोन महासत्तांच्या चढाओढीत एका गरीब देशाने आपले काम साधून घेतले, असाही या इतिहासाचा अर्थ लावता येतो आणि मला तोच अधिक खरा वाटतो. १९८० च्या दशकात नाईलच्या उगमाकडे पाऊस वर्षानुवर्षे कमी पडला, इथिओपियात भीषण दुष्काळ झाला. इजिप्त मात्र आस्वानमागच्या नासर जलाशयातील साठ्यावर तरला. रशियन अभियंत्यांना तुम्ही परकीय प्रभाव म्हणा. ज्यांच्या शेताला त्या वर्षांत पाणी मिळाले, ते काय म्हणाले असते याचाही विचार करा.

इजिप्त-सुदान सीमेवरच्या न्युबियातील सुमारे १ लाख लोक विस्थापित झाले, गाळ धरणामागे अडकला, त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला आणि शेतकऱ्याला रासायनिक खतांवर अवलंबून राहावे लागले, हे मी नाकारत नाही. पण यातील एकही गोष्ट कर्ज देणाऱ्याच्या झेंड्यामुळे घडलेली नाही. स्वतःच्या पैशाने बांधलेल्या धरणामागेही गाळ साचतोच.

मृगजळ:
"आपले काम साधून घेतले" असे म्हणताना कर्ता कोण, हे सांगायला हवे. काम साधले ते राज्यकर्त्यांचे. न्युबियन माणसाला त्या वाटाघाटींत खुर्चीच नव्हती. पाण्याखाली जाणारे अबू सिंबेलचे प्राचीन मंदिर कापून उंचावर हलवण्यासाठी युनेस्कोने जगभरातून निधी जमवला; गावे हलवताना तशी हाक कोणी दिल्याचे दिसत नाही. दगडाला मिळालेली आस्था माणसाला मिळाली नाही.

तळटीप यांच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. त्यांच्या मांडणीत परका धूर्त आणि स्थानिक राज्यकर्ता भोळा ठरतो. अफगाणिस्तानातील हेलमंद नदीवरील प्रकल्पाचा इतिहास वेगळा आहे. १९४६ मध्ये अफगाण सरकारने काराकुल मेंढ्यांच्या कातड्यांच्या व्यापारातून महायुद्धकाळात साठलेल्या डॉलरमधून मॉरिसन-नडसन या अमेरिकी कंपनीला आपण होऊन काम दिले. अमेरिकी सरकारी कर्ज त्यानंतर आले. धरणे झाली, कालवे झाले, काजाकी धरण १९५३ मध्ये उभे राहिले; परंतु पाण्याच्या निचऱ्याकडे पुरेसे लक्ष न दिल्याने बरीच जमीन पाणी साचून चिबड आणि क्षारपड झाली. चर खोदण्याचे काम कंटाळवाणे असते आणि त्याच्या उद्घाटनाची फीत कापायला कोणी येत नाही. दिखाऊ कामांचा हा लोभ परका नव्हता. तो काबूलचाच होता आणि कंत्राटदाराने त्याला आनंदाने हातभार लावला.

वाटसरू:
चर्चा केवळ मोठ्या धरणांभोवती फिरते आहे, म्हणून थोडे बाजूला जातो. ज्याला सगळेच निरुपद्रवी मानतात अशा लहान कामात काय झाले, ते बांगलादेशात दिसले. तळ्यांचे दूषित पाणी पिऊन मुले दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकार यांनी मिळून हातपंपाच्या नळविहिरींचा मोठा प्रसार केला. हेतू चांगला होता, तंत्र साधे होते आणि लोकांनी ते मनापासून स्वीकारले. पुढे १९९० च्या दशकात कळले की यातील लक्षावधी विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो यातील न्यायालयीन भाग. ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेने १९९२ मध्ये तेथील भूजलाची तपासणी केली होती, पण आर्सेनिकची चाचणी केली नव्हती. बाधितांच्या वतीने इंग्लंडमध्ये दावा गेला आणि २००६ मध्ये तेथील सर्वोच्च पीठाने निर्णय दिला की, त्या संस्थेवर बांगलादेशातील पाणी पिणाऱ्यांप्रति कायदेशीर काळजीचे कर्तव्य नव्हते. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय बरोबर असेलही. आता याच्या शेजारी मलेशियातील पर्गाऊ धरण ठेवा. ब्रिटनने दिलेली २३.४ कोटी पौंडांची मदत शस्त्रविक्रीशी जोडलेली असल्याचा वाद झाला आणि १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदेशीर ठरवली, कारण ब्रिटिश करदात्याचा पैसा आर्थिकदृष्ट्या न परवडणाऱ्या कामावर खर्च होत होता. पैसा देणाऱ्याला दाद मागता आली, पाणी पिणाऱ्याला आली नाही. आधुनिकीकरण चांगले की वाईट यावर आपण कितीही वाद घातला तरी ही तफावत उरतेच.

कालवाकाठ:
वाटसरूंचे उदाहरण मार्मिक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. परका सावकार गेला म्हणजे जाब विचारणे सोपे होते, असे मुळीच नाही. नर्मदेवरील सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विरोध वाढल्यावर बँकेने स्वतंत्र समिती नेमली, मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत कठोर ताशेरे ओढले आणि १९९३ मध्ये भारताने उरलेले हप्ते नाकारून काम स्वतःच्या पैशाने चालू ठेवले. कर्जाबरोबर बँकेची देखरेखही गेली. याच वादानंतर बँकेने तक्रारींसाठी स्वतःचे तपासणी मंडळ स्थापन केले, म्हणजे परकी संस्था थोडी तरी शिकली.

इथिओपियाने २०११ मध्ये सुरू केलेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेले ५,१५० मेगावॉटचे धरण मुख्यतः स्वतःच्या रोख्यांवर आणि नोकरदारांच्या वर्गणीवर उभे राहिले. तरी मुख्य कंत्राट इटालियन कंपनीकडेच होते आणि ज्या निळ्या नाईलवर (नाईलची इथिओपियातून येणारी शाखा) ते आहे, तिच्यावरील जागांची पाहणी अमेरिकी अभियंत्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत करून ठेवली होती. शुद्ध स्वदेशी धरण मला तरी अजून दिसलेले नाही.

मृगजळ:
मोर्स समिती बँकेच्या सद्बुद्धीतून आली नाही. नर्मदा खोऱ्यातील लोकांनी अनेक वर्षे लढा दिला, तेव्हा ती नेमावी लागली. श्रेय कोणाच्या खात्यावर जमा करायचे, याबाबत थोडी काटेकोरी बाळगावी.

तळटीप:
हेलमंदच्या उदाहरणाने माझ्या मांडणीतील एक बाजू लंगडी पडली, हे मान्य. स्थानिक सत्तेची हौस मी कमी लेखली. परंतु कालवाकाठ यांचे इथिओपियाचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी नाईलचे पाणी अनुक्रमे ५५.५ आणि १८.५ अब्ज घनमीटर असे वाटून घेतले. ज्या देशातून त्यातील बहुतांश पाणी येते त्या इथिओपियाला त्यात विचारलेही नाही. त्या आकड्यांच्या आधारावरच आस्वान उभे राहिले आणि सहा दशके उलटली तरी इजिप्त त्याच आकड्यांना धरून बसला आहे. घानाचा वीजदर निदान १९८५ मध्ये बदलता आला, कारण समोर एक कंपनी होती. इथे समोर शेजारी देश आहे आणि त्याचे धरण आता भरलेले आहे.