बीए हिस्टरी करून पुढे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. बारावी आर्ट्सला ७८ टक्के पडलेत आणि तिला बीए इतिहासच करायचंय, बाबा म्हणतात डीएड कर नाहीतर सरळ बँकेच्या परीक्षा दे, इतिहास वाचून पोट भरत नाही. घरात रोज तेच रामायण चालू आहे.

मला स्वतःला एवढंच माहितीये की बीएनंतर बीएड करून शाळेत, नाहीतर एमए आणि मग नेट-सेट करून कॉलेजात, पण प्राध्यापक भरतीचे हाल आपण सगळे बघतोच. यूपीएससीला इतिहास ऑप्शनल घेता येतो हेही ठीक, पण त्याच्या भरवशावर तीन वर्षं काढायची का?

तिचा खरा ओढा मोडी लिपीकडे आहे. आजोबांच्या ट्रंकेत जुनी कागदपत्रं सापडली तेव्हापासून यूट्यूबवर बघून अक्षरं गिरवत बसते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणारे कमी पडत होते म्हणे, तर हे काम कायम मिळतं की तेवढ्यापुरतंच? पुण्याच्या पेशवे दफ्तरात (जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह) किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात कोणी काम केलंय का? आणि पुण्याच्याच डेक्कन कॉलेजला आर्किऑलॉजीचं एमए केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, पुढे उत्खननावर नोकरी म्हणून जाता येतं की नुसतं प्रोजेक्टपुरतं, आणि पगाराचं काय, खरं खरं सांगा.

आम्ही सांगलीजवळ राहतो, पुण्याला ठेवायचं तर हॉस्टेलचा खर्चही बघावा लागेल. बीए इथेच करून एमएला पुण्याला पाठवली तर चालेल का?