समुद्राजवळचे वणवे : वारा आणि निखारे

समुद्र इतका जवळ असताना लॉस एंजेलिससारखे शहर वणव्यात कसे सापडते, हा प्रश्न रास्त आहे. पण तिथला घातक वारा मुळात समुद्रावरून येतच नाही. सांता आना वारे आतल्या वाळवंटी प्रदेशातून डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे उतरतात, आणि उतरताना हवा दाबली जाऊन तापते व अधिकच कोरडी होते. त्यातच आधीच्या दोन ओल्या हिवाळ्यांत माजलेले गवत आणि झुडपे पुढे कित्येक महिने जवळजवळ पाऊसच न झाल्याने वाळून गेली होती, म्हणून ७ जानेवारी २०२५ रोजी भडकलेल्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी मिळून १६ हजारांहून अधिक बांधकामे भस्मसात केली.

‘जंगल वेळीच साफ केले असते तर’ हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीनासारख्या दाट वस्तीत आग घरावरून घरावर गेली. वाऱ्याने उडालेले निखारे छताच्या झरोक्यांतून आत शिरतात आणि मग घर हेच इंधन बनते. त्यामुळे झरोक्यांना धातूची बारीक जाळी बसवणे आणि भिंतीलगतची पाच फूट जागा पेट घेणाऱ्या वस्तूंपासून मोकळी ठेवणे ही कामे, कितीही नीरस वाटली तरी, दूरच्या टेकड्यांवरची झुडपे तोडण्याआधी व्हायला हवीत.