जुन्या खाणीतल्या रेंजवर हलती टार्गेट लावायचीत, कोणती घ्यावी कोणती टाळावी?

कोरेगावकर:
नमस्कार मंडळी. आमचा क्लब सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. परवाना, परवानगी सगळं रीतसर आहे. रेंज म्हणजे जुनी दगडाची खाण, तीन बाजूंना कडा आणि समोर मुरमाचा बांध टाकून घेतलाय. आत्तापर्यंत सगळं कागदी टार्गेट, एका जागी उभं राहून, सावकाश. आता पोरांचं म्हणणं की आयपीएससीच्या (पिस्तुलानं चालत-फिरत नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) धर्तीवर क्लबपुरती मॅच घेऊ, चालत, आडोशामागून, आणि त्यात एकदोन हलती टार्गेट पाहिजेतच. आमच्याकडं .२२ ची पिस्तुलं, काहींची .३२, बाकी एअरगन. व्हिडिओ बघून स्विंगर, ड्रॉप टर्नर, रनर, टेक्सास स्टार (चांदणीसारख्या फिरत्या हातांवर लोखंडी प्लेटा) सगळंच भारी वाटतंय. वेल्डिंगचं काम एका मित्राच्या वर्कशॉपात होईल, पण यातलं सुरक्षित काय हे आधी कळायला हवं, कारण खाणीच्या पलीकडं दोन शेतं सोडली की वस्ती आहे आणि ऊसतोड सुरू झाली की माणसं कुठून कुठं चालत येतील सांगता येत नाही. डिसेंबरात घ्यायचा विचार आहे. जाणकारांनी सांगा.

बांधावरचा आरओ:
मी आरओ, म्हणजे रेंजची सुरक्षा बघणारा रेंज ऑफिसर. टार्गेटची यादी राहू द्या, आधी बांध बघा. कागदाला भोक पाडून गोळी पुढं जातेच, त्यामुळं टार्गेट जिथं जिथं जाणार त्या प्रत्येक जागेच्या मागं बांध पाहिजे. उभ्या टार्गेटला एक रेघ तपासली की झालं, हलत्याला अख्खा पंखा तपासावा लागतो. आम्ही असं करतो, नेमबाज ज्या पट्ट्यात फिरणार त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करायचा, एकदा उंच माणूस आणि एकदा गुडघ्यावर बसलेला, आणि त्याच्या डोळ्यापासून टार्गेटच्या डाव्या टोकाला, उजव्या टोकाला आणि ते सगळ्यात वर असतं त्या जागेला दोरी ताणून ती मागं बांधावर कुठं टेकते तिथं चुन्याची खूण करायची. गुडघ्यावरनं मारलेली गोळी वर चढत जाते हे निम्मे लोक विसरतात. एखादी जरी खूण बांधाच्या माथ्यापासून मीटर-दीड मीटर खाली येत नसेल तर ते टार्गेट तिथं लावायचं नाही, बुटकं करा नाहीतर बांधाला चिकटवा. बांधाजवळ नेलं की पंखा आपोआप आवळतो. .२२ लहान म्हणून सोडून देऊ नका, माथ्यावरनं गेली तर दीड किलोमीटरच्या पुढं जाते.

दुसरं तुमच्या खाणीचं. तो काळा पाषाण आहे, कड्याला बांध समजू नका. शिशाची गोल नाकाची .२२ तर कशावरनंही उसळते. मुरमातसुद्धा गोटे असतात, आणि पावसाळा माती वाहून नेतो नि गोटे उघडे टाकतो, त्यामुळं दिवाळीनंतर बांधाच्या तोंडावर चाळलेल्या मातीचा चांगला जाड थर नव्यानं चढवा. त्याला पैसे लागतील, पण टार्गेटवरचा खर्च कमी करून तिथं घाला.

टार्गेट म्हणाल तर पहिला स्विंगर, कागदाचा. खाली वजन, वर टार्गेट, आडवा अडकवून ठेवलेला, सुटला की डावीउजवीकडं डोलतो. मोटर नाही, वीज नाही, आणि प्रत्येकाला सारखाच मिळतो. त्याच्यानंतर ड्रॉप टर्नर, तो खाली येता येता गर्रकन वळून तोंड दाखवतो, डावीउजवीकडं सरकत नाही म्हणून तपासायला सोपा. रनर यंदा नको. तो आडवा पळतो आणि त्याच्या मागं मागं पिस्तूलही वळत जातं. आयपीएससीत नळी ९० अंशाच्या बाहेर गेली की माणूस मॅचमधून बाद, पण गोळी सुटल्यावर बाद करून काय उपयोग. कधी लावलाच तर दोन्ही टोकांना आडोसे असे ठेवा की टार्गेट अडचणीच्या कोनात जायच्या आधीच दिसेनासं होईल.

कुपवाडचा फॅब्रिकेटर:
आरओ साहेबांशी सहमत, मी लोखंडाचं सांगतो कारण माझं रोजचं काम तेच. मित्राच्या वर्कशॉपात पडलेली साधी एमएस (मऊ पोलादाची) प्लेट उचलून टार्गेट करू नका. एका रेंजवर अशी प्लेट हातानं चाचपून बघितलीय, तिच्यावर पूर्वी रायफल मारलेली, जागोजागी वाटीएवढे नाही पण बोटाचं टोक बसेल असे खड्डे, आणि खड्ड्याची कड वर आलेली. त्या खड्ड्यात गोळी गेली की शिसं वळून सरळ मारणाऱ्याकडं येतं, तिथं मागं उभ्या असलेल्या एकाच्या दंडातनं कपची काढावी लागली. एआर५०० सारखी कडक प्लेट घ्या, ती लेझरनं कापून घ्या, गॅस कटिंगनं कडेचा कडकपणा जातो, आणि तोंडावर वेल्डिंग तर अजिबात नको. प्लेट थोडी पुढं झुकलेली बसवा म्हणजे शिसं जमिनीकडं जातं. आणि ती उभी राहू द्या, हलवायचा तो कागद.

स्विंगरचा वरचा दांडा लाकडी पट्टीचा करा, गोळी लागली तर तुटेल, पाच मिनिटांत दुसरी लागते. खालचं वजन, बेअरिंगचा प्लमर ब्लॉक, बेस सगळं मातीच्या पोत्यांमागं. अडकवलेलं वजन म्हणजे हात तोडणारी गोष्ट हाय राव, म्हणून आडवी खीळ घाला, तिला लाल फडकं बांधा, आणि सगळी माणसं बाजूला झाल्यावर शेवटी ती खीळ निघाली पाहिजे.

टेक्सास स्टार सोडा. उंच असतो, वरची प्लेट हुकली की गोळी तुमच्या बांधाच्या माथ्याकडं जाणार.

कोरेगावकर:
दोघांचेही आभार. टेक्सास स्टार काढला यादीतनं. एक शंका, स्विंगर सोडवायला पुढं पॉपर, म्हणजे गोळी लागली की पडणारी उभी लोखंडी प्लेट, ठेवायचा ना, तो पडला की वायर ओढली जाते? तो किती अंतरावर?

बांधावरचा आरओ:
अंतराचा नियम असा, पिस्तुलानं लोखंड ७ मीटरच्या आतनं मारायचं नाही, आणि जमिनीवरच्या पट्टीनं अडवणार असाल तर पट्टी ८ मीटरवर, म्हणजे पाय चुकून पुढं पडला तरी ७ राहतात. तुम्ही १० धरा आणि चष्म्याशिवाय कुणालाही, बघ्यालासुद्धा, आत सोडू नका.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. बाहेरच्या देशात हे पॉपर ९ मिमीच्या हिशोबानं लावलेले असतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट-सेकंदात, भागिले १०००, हा पॉवर फॅक्टर, आणि तिकडं मायनरला, म्हणजे खालच्या ताकदीच्या वर्गाला, १२५ लागतो. आपल्याकडं ९ मिमी प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला मिळत नाही. .२२ ची ४० ग्रेनची गोळी १०५० नं गेली तर येतात ४२, .३२ सुद्धा सत्तरच्या आसपास. पॉपर ढिम्म हलणार नाही, आणि हलावा म्हणून ढिला केला की वाऱ्यानं पडेल. म्हणून गोळीनं सोडवूच नका. दार ढकललं की दोरी ओढली जाते किंवा पायाखालची फळी दाबली की सुटतं असं करा, म्हणजे पुढं लोखंडच लागत नाही. दोरी जमिनीलगत पाइपातनं न्या, पायात यायला नको.

गुणांचंही ठरवून टाका. थांबल्यावरही ज्याचा वरच्या गुणाचा भाग दिसत राहतो किंवा जे सारखं दिसतं-लपतं, त्यावर हुकल्याचा दंड लागतो. एकदाच दिसून कायमचं गेलं तर हुकल्याचा दंड नाही. स्विंगर थांबल्यावर थोडा तरी दिसत राहील असा लावा, लोक घाई करत नाहीत. आणि यंत्र अडकलं तर रिशूट, म्हणजे त्याला फेरी पुन्हा द्यायची, वाद नाही.

अपशिंग्याचा फौजी:
सगळं यंत्राचं चाललंय, माणसाचं मी सांगतो. लाल झेंडे फायरिंगच्या जागी नकोत, जिथनं माणूस आत येतो तिथं पाहिजेत, बांधाच्या मागच्या पाणंदीवर, दोन्ही बाजूला. झेंड्यापाशी जिता माणूस उभा पाहिजे, शिट्टी आणि वायरलेस सेट घेऊन, आणि त्याला कुणालाही न विचारता फायर बंद करायचा अधिकार पाहिजे. मुकादमाला आदल्या दिवशी जाऊन भेटा, टोळी कुठल्या फडात हाय ते विचारा, ग्रामपंचायतीला कळवा. टोळीतली बारकी पोरं आणि जनावरं झेंडा बघत नाहीत बाळांनो. हलत्या टार्गेटला दर नेमबाजामागं कुणीतरी पुढं जाऊन ते परत अडकवणार, म्हणजे दिवसभर माणसं नळीच्या समोर ये-जा करणार. 'रेंज इज क्लिअर' ही आरओची हाक झाल्याशिवाय एक पाऊल पुढं नाही, आणि पुढं माणूस असताना कुणी हत्याराला हात लावायचा नाही.

मिरजेचा एअरगनवाला:
पोरांना रनरचीच हौस असेल तर एअरगनवर करा. १० मीटर रनिंग टार्गेट ही आयएसएसएफची (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) जुनी स्पर्धा आहे, २००४ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती. २ मीटरच्या फटीतनं टार्गेट आडवं जातं, सावकाश फेरीत ५ सेकंदांत, जलद फेरीत २.५ सेकंदांत. नेमबाज एका जागी उभा, फट ठरलेली, त्यामुळं कोनाचा प्रश्नच नाही. मागं जाड गोधडी टांगा, छरे तिथंच पडतात, पण आधी एकट्यानं मारून बघा की तिच्यातनं पार जात नाहीत ना.

कोरेगावकर:
रविवारी दोरी आणि चुना घेऊन जातोय खाणीत. स्विंगर एक, तोही मधोमध, दारानं सुटणारा. एअरगनचा रनर वेगळ्या बाजूला. बांधाच्या मातीसाठी ट्रॅक्टरवाल्याशी बोललोय. फौजी काका, तुम्ही मॅचच्या दिवशी याल का? झेंड्याचं काम तुमच्यासारख्या माणसाच्या हातात द्यायचंय.

अपशिंग्याचा फौजी:
येतो. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणंद दाखवा, उजेड असताना.