'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे': आई पटली, नॉर्वे पटला नाही

निळी शाई:
आशिमा छिब्बर दिग्दर्शित हा २०२३ चा चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला. राणी मुखर्जीला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. सुरुवातीलाच नॉर्वेचं बालकल्याण खातं मुलं काढून घेऊन निघतं, त्या गाडीमागे त्यांची आई देबिका (राणी) धावते आणि रस्त्यावर आपटते. पण मला त्याहून जास्त लागलं ते तिचं बोलणं. अर्धं बंगाली, अर्धं तुटक इंग्रजी. ती जीव तोडून सांगत असते आणि समोरच्यांच्या पदरात पडतो फक्त तिचा चढलेला आवाज. मग तोच आवाज तिच्या विरोधातला पुरावा होतो. परदेशात संसार मांडलेल्या कितीतरी बायकांना हे ओळखीचं वाटेल.

खटकलं ते समोरचं चित्रण. बालकल्याण खात्याच्या बायका पहिल्या फ्रेमपासून खलनायिका. त्यात मुलं काढून घेण्यामागे पैशांचं साटंलोटं असल्याचं कथानक. यंत्रणेतली माणसं प्रामाणिक असूनही अन्याय करू शकतात, आणि ते जास्त भयंकर असतं. तसा चित्रपट करायची संधी इथे हातची गेली.

वाटसरू:
असहमत. गोष्ट आईच्या नजरेतून आहे. जिची पाच महिन्यांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा उचलून नेले, तिला ती माणसं कशी दिसतील? समतोल राखायचा तर माहितीपट काढा. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात हे खरंच घडलं. हाताने भरवणं, मुलांना आपल्याजवळ झोपवणं हे आपल्याकडे घरोघरी चालतं. त्यावर परक्याने बोट ठेवलं तर चीड येणारच.

पाणवठा:
वाटसरू, मुलं केवळ त्यावरून नेली नव्हती, असं नॉर्वेच्या राजदूतांनी चित्रपट आल्यावर लेख लिहून सांगितलं होतं. अशा प्रकरणांच्या नोंदी गोपनीय असतात, त्यामुळे त्यांची पूर्ण बाजू कधीच उघड होणार नाही. तिथे मुलांवर हात उगारायला १९८७ पासून कायद्याने पूर्ण बंदी आहे. मूल ही आईबापांची मालमत्ता नाही, हा विचार मला आपल्यापेक्षा पुढचा वाटतो. चित्रपटाने तो एकदा तरी नीट मांडायला हवा होता.

निळी शाई:
पाणवठा, विचार पुढचा आहे हे मान्य. पण स्ट्रँड लोबेन खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने २०१९ मध्ये नॉर्वेलाच दोषी धरलं. त्या खटल्यातली, मूल काढून घेतलेली आई नॉर्वेचीच होती! म्हणजे प्रश्न फक्त 'आपले संस्कार विरुद्ध त्यांचे' एवढाच नाही. आईला मुलाची भेट वर्षातून मोजके तास द्यायची, आणि पुढे नातं उरलं नाही म्हणून दत्तक द्यायचं, हे दुष्टचक्र आहे. चित्रपटाने भात भरवण्यावर इतका जोर दिला की हे मागे पडलं.

वाटसरू:
हा मुद्दा पटला. तरी सव्वादोन तासांत सामान्य प्रेक्षकाला खटल्याचे बारकावे नको असतात, त्याला आई हवी असते.

उंबरठा:
तुम्ही सगळे नॉर्वेतच अडकलात. मला सगळ्यात धीट वाटला तो घरातला भाग. नवऱ्याला बायकोपेक्षा तिथल्या नागरिकत्वाची काळजी. तो हात उचलतो. मुलं भारतात येतात ती काकाच्या ताब्यात, आणि आईला पुन्हा कोर्टात उभं राहावं लागतं. प्रत्यक्षातही २०१२ मध्ये मुलं काकाकडे दिली होती. कोलकाता उच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला तो २०१३ मध्ये. दोन्हीकडे प्रश्न एकच, 'ही बाई आई म्हणून लायक आहे का?' शीर्षकात नॉर्वे आहे म्हणून सासर सुटतं, हे मला फार खुपलं.

पाणवठा:
उंबरठा, अगदी! आणि हाच भाग शेवटी घाईत उरकलाय. कोर्टातलं भाषण, पार्श्वसंगीत, अश्रू, संपलं.

वाटसरू:
घाई झाली हे कबूल, पण त्या भाषणाला हात लावू नका. मी आईसोबत पाहिला. नवऱ्याच्या नोकरीसाठी तीसुद्धा भाषा न येणाऱ्या गावी गेली होती. पूर्ण वेळ ती माझा हात धरून बसली होती.

निळी शाई:
माझं भांडण त्या भाषणाशी नाहीच. ते ऐकणारी समोरची माणसं कचकड्याची नसती, तर ते याहून खोल गेलं असतं.