खाज नाही म्हणून सोडून देऊ नका
'खाज किंवा आग नसेल तर अंगावरून पांढरं जाण्याकडे लक्ष द्यायची गरज नाही' असं काही जण सांगतात, ते पटत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये (योनीतल्या जीवाणूंचं संतुलन बिघडून वास येणारा स्राव जातो, त्यात) खाज बहुतेकदा नसतेच, तरी एचआयव्ही लागण्याचा धोका अनेक अभ्यासांत साधारण दीडपट दिसला आहे. योनीतले लॅक्टोबॅसिलस हे चांगले जीवाणू कमी झाले की लॅक्टिक आम्ल घटतं, पीएच (आम्लतेचं माप, आम्लता घटली की तो वाढतो) ४.५ च्या वर जातो, आतलं अस्तर कमकुवत होतं. दाहामुळे सीडी४ या रोगप्रतिकारक पेशीही तिथे गोळा होतात, आणि विषाणूला नेमक्या त्याच हव्या असतात.

तपासणी सोपी आहे: योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव पीएच पट्टीवर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर क्लू सेल, म्हणजे जीवाणू चिकटलेल्या योनीच्या पेशी, बघायच्या. पाळीत किंवा संबंधांनंतर लगेच पीएच बघू नये, रक्त आणि वीर्य दोन्ही तो वाढवतात. मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. मेट्रोनिडॅझोल हे जीवाणू मारणारं औषध दिलं तर सहसा ७ दिवसांचा कोर्स असतो. वास गेला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका, हा त्रास तसाही वर्षभरात पुष्कळ जणींना परत होतो. आणि कृपा करून इंटिमेट वॉशने आतून धुऊ नका, उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही त्यात जातात.