मदत हवी आहे: कान्तिंफ्लासचे बोलणे मराठीत कसे आणावे?

सप्रेम नमस्कार. हुआन बुस्तियो ओरो दिग्दर्शित ‘आही एस्ता एल देताये’ (१९४०) या मेक्सिकन विनोदपटाची मराठी उपशीर्षके मी करीत आहे. मोलकरणीचा भुकेला प्रियकर (ही भूमिका मेक्सिकन विनोदी नट कान्तिंफ्लासची) मालकिणीचा हरवलेला भाऊ म्हणून श्रीमंत घरात वावरतो आणि बॉबी नावाच्या कुत्र्याला मारल्याची त्याची कबुली न्यायालयात त्याच नावाच्या माणसाच्या खुनाची समजली जाते. अखेरीस, आणि हेच मला सर्वांत मोलाचे वाटते, न्यायाधीश व वकीलही त्याच्यासारखेच असंबद्ध बोलू लागतात. या बोलण्यावरूनच स्पॅनिशमध्ये ‘कान्तिंफ्लेआर’ (खूप बोलूनही काहीच न सांगणे) हे क्रियापद रूढ झाले. ‘पाल्हाळ’ किंवा ‘बडबड’ त्याला पुरे पडत नाही. दुसरा शब्द सुचेल का? तसेच, न्यायाधीशांची प्रमाण मराठी हळूहळू विस्कटत कशी न्यावी, याबद्दल अनुभवी अनुवादकांनी कृपया मार्गदर्शन करावे.