सिस्टरला मारहाण झाली की धोका शेजारच्या खाटेलाही

रात्रपाळी:
मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास एका पेशंटचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं. त्याच्या भावाने माझं मनगट पिरगाळलं आणि सलाईनचा स्टँड उचलून अंगावर धावून आला. वॉर्डात ४२ पेशंट, सिस्टर आम्ही दोघी. सिक्युरिटीवाला येईपर्यंत दहा मिनिटं गेली.

सगळे त्या दहा मिनिटांचंच विचारतात. मला पुढचे चार तास सांगायचेत. १२ नंबरच्या आजींना सलाईनमधून पोटॅशियम क्लोराइड द्यायचं होतं. हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून दोघींनी तपासून भरायचं, बाटलीवर नाव, मात्रा, वेळ लिहायची. माझा हात थरथरत होता. औषध भरलं आणि बाटली तशीच कोरी टांगायला निघाले. जोडीदारीण ओरडली, "अगं, लेबल?" तिचं लक्ष गेलं नसतं तर सकाळच्या पाळीतल्या कुणी तेच औषध पुन्हा घातलं असतं.

आणि पहाटे चारला त्या भावाच्या पेशंटजवळ मी गेलेच नाही. लांबूनच बघितलं, श्वास न मोजता चार्टवर २० लिहिले. हे सांगताना लाज वाटते, पण झालं ते असं.

साताऱ्याचा मुलगा:
सिस्टर, हात उचलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वडिलांना धाप लागली तेव्हा मी तीनदा काउंटरवर गेलो. "बसा, येते." ऑक्सिजन किती आहे, डॉक्टर कधी येणार, कुणी सांगेना. २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरला मारहाण झाली, निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं आणि पेशंटमागे नातेवाईकांना आत यायला दोनच पास हा नियम कडक झाला. मग कूस बदलणं, भांडं देणं, रक्ताची पिशवी आणायला पळणं हे कुणी करायचं? ते नातेवाईकच करतात. त्यांना बाहेर काढून पेशंट सुरक्षित कसा होणार?

निवृत्त मेट्रन:
पासचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण "बसा, येते" म्हणणारी मुलगी त्या वेळी कुठल्या खाटेकडे पळत होती, तेही बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाने शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. इथे एकवीसमागे एक आहे.

रुग्णालयातल्या लोकांवर हात उचलण्याविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे, त्यात नर्सही येते. तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. तरी माझ्या काळात मीच मुलींना म्हणायचे, "जाऊ दे, पोलीस-कोर्ट कुठे करत बसतेस." आता त्याचा फार पश्चात्ताप होतो. मार गिळायला शिकलेली मुलगी औषधातली चूकही गिळते. ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, ती सांगत नाही, आणि पुढच्या पाळीला पेशंटबद्दल अर्धवटच कळतं.

साताऱ्याचा मुलगा:
पण कलम लावून रात्री दोनला तिसरी सिस्टर येत नाही ना.

रात्रपाळी:
नाही येत. तिघी असतो तर ते सलाईन वेळेत बदललंही असतं, हे मान्य. पण त्याने स्टँड उगारून मला अडवलं, तेव्हा बाकीच्या ४१ जणांकडे बघायला एकच सिस्टर उरली होती. आजींचा मुलगा बाहेर व्हरांड्यात चटईवर झोपला होता. त्याला अजूनही यातलं काही माहीत नाही.